सरकारी एआरटी सेंटर (एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र) आणि तिथली शौचाची तपासणी – भावाच्या जुलाबाचा दीड वर्षाचा अनुभव

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. मराठवाड्यातलं सरकारी मेडिकल कॉलेज आहे एवढंच सांगते, कारण नाव टाकलं की आमच्याकडं कोण कुणाचं हे दोन दिवसांत कळतं आणि भावाला अजून त्याच गल्लीत राहायचंय, त्याच लोकांच्या लग्नात मंडप बांधायचाय. पण लिहायचं नक्की ठरवलेलं होतं. मोबाईल घ्यायचा तर आपण पन्नास रिव्ह्यू वाचतो, आणि घरात एचआयव्ही निघाला की कुठं जायचं, काय तपासायचं, कोण नीट बोलतं हे विचारायला एक माणूस मिळत नाही. मला नव्हता मिळाला.

माझा धाकटा भाऊ, वय ३४, मंडप-डेकोरेशनचं काम. मागच्याच्या मागच्या वर्षी आषाढात त्याला जुलाब लागले ते थांबलेच नाहीत. दिवसाला आठ-दहा वेळा, नुसतं पाण्यासारखं, रक्त नाही, आव नाही, ताप असला तर थोडा. पहिले पंधरा दिवस सगळ्यांनी बाहेरचं खाल्लं, पाणी बदललं म्हणून सोडून दिलं. टँकरचंच पाणी चालू होतं तेव्हा, त्यामुळं ते पटलंही. मग मेडिकलवरून मेट्रोनिडाझोल आणून दिली, दोन दिवस जरा बरं वाटलं की परत तेच. मग गल्लीतले डॉक्टर, मग शहरातले, सलाईन, सोनोग्राफी, आतड्याची दुर्बीण, असं करत करत दिवाळी आली तोवर ६१ किलोचा माणूस ४३ किलोवर आलेला. दिवाळीत ओवाळताना त्याच्या मनगटाचं हाड बघून माझा हात थांबला होता. तोवर खर्च एकतीस हजाराच्या वर गेलेला, त्यातले बरेच भावजयीच्या गंठणाचे.

आधी त्या प्रायव्हेट लॅबबद्दल लिहिते, नाव त्यांचंही देत नाही. शौचाची तपासणी पाच महिन्यांत तिथं तीन वेळा झाली. तिन्ही वेळा रिपोर्ट एकच, ‘नो ओव्हा, नो सिस्ट सीन’, म्हणजे जंत-परजीवीची अंडी वगैरे काही दिसलं नाही. रिपोर्ट चकचकीत, मोबाईलवर दोन तासात येतो, आणि डॉक्टर बघतात आणि म्हणतात संडासात काही नाही. काही नाही तर मग माणूस वाळत का चाललाय याचं उत्तर कुणाकडं नव्हतं. नंतर कळलं की तिथं नेहमीची साधी तपासणी करतात, म्हणजे काचेवर थेंब टाकून तसंच मायक्रोस्कोपखाली बघायचं. अमिबा, जंताची अंडी यात दिसतात. पण ज्या परजीवीनं माझ्या भावाला खाल्लं तो पातळ आणि पारदर्शक असतो, साध्या थेंबात नजरेतून सुटून जातो, त्याला रंग दिल्याशिवाय तो नीट कळत नाही. तो रंग द्या असं कुठल्याच चिठ्ठीवर कुणी लिहिलं नव्हतं, आणि लॅबवाल्यांनी तीन वेळा एकाच पेशंटचा तोच नमुना येतोय हे बघून विचारलंही नाही.

आणखी एक गोष्ट. रक्ताच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १४ टक्के होते, शेजारी जास्तीची खूण पण होती. एका ठिकाणी सांगितलं ॲलर्जी असेल. दुसऱ्या ठिकाणी जंताची गोळी दिली. ही खूण किती कामाची होती ते पुढं येईलच.

एचआयव्हीची टेस्ट कधी झाली तर पाचव्या महिन्यात. एका एमडी डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी आधी तोंड उघडायला लावलं, जिभेवर पांढरा थर होता, तो बघून त्यांनी मला बाहेर बसवलं आणि भावाशी एकट्याशी बोलले. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी टेस्टसाठी सरकारी आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्हीच्या टेस्ट आणि समुपदेशनाच्या केंद्राला पाठवलं, पण त्याआधी आम्ही घाबरून एकदा जुन्याच लॅबमध्ये गेलो. तिथल्या मुलानं रिपोर्ट देताना भरल्या काउंटरवर मोठ्यानं विचारलं, “एचआयव्हीचं कोण आहे?” सात-आठ माणसं होती. भाऊ पुढं गेलाच नाही. बाहेर येऊन स्कूटीला धरून उभा राहिला. रिपोर्ट मी घेतला. हे तेव्हा सहन केलं, आता केलं नसतं. एचआयव्ही आणि एड्सचा कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, माणसाच्या संमतीशिवाय त्याची ही माहिती कुणाला सांगायची नाही असं त्यात स्पष्ट आहे, आणि तक्रारीसाठी राज्यात लोकपाल नेमायची तरतूद पण आहे. तेव्हा माहीत नव्हतं.

आता एआरटी सेंटर.

पहिल्या दिवशी सकाळी नऊला पोचलो. ओपीडीच्या मागच्या बाजूला, रक्तपेढीवरून पुढं गेलं की डावीकडं. बाहेर पंचवीस-तीस माणसं होती आणि मला वाटलं होतं त्यातलं काहीच तिथं नव्हतं. म्हातारे आजी-आजोबा, लेकरं, शाळेचा ड्रेस घातलेली एक मुलगी, बँकेत असतात तसे इस्त्रीचा शर्ट घातलेले एक जण. कुणी कुणाकडं बघत नव्हतं आणि कुणी तोंडही लपवत नव्हतं. भाऊ मला हळूच म्हणाला, अक्का, इथं बसायला बरं वाटतंय. पाच महिन्यात पहिल्यांदा तो कुठल्या दवाखान्यात असं बोलला.

आधी काउन्सेलर मॅडमकडं पाठवलं. पाऊण तास. घड्याळ बघितलं म्हणून सांगते. कुठून लागला, कसा लागला याची उलटतपासणी केली नाही. त्याला काय वाटतंय, घरी कोणाला माहितीये, बायकोची टेस्ट झाली का, लेकराची झाली का, रोज गोळी किती वाजता घेता येईल, काम कुठल्या वेळेला असतं. लग्नसराईत रात्र रात्र मंडपात असतो म्हटल्यावर त्यांनीच सुचवलं की मग सकाळच्या चहाची वेळ धरा, ती कुठंही असलात तरी चुकत नाही. अशी साधी गोष्ट, पण दीड वर्ष तीच पाळली जातेय. भावजय आणि पुतण्या दोघांच्या टेस्ट निगेटिव्ह आल्या, ते लिहिताना आजही छाती भरून येते.

मग डॉक्टर. वजन, तोंड, मान, पोट, आणि चार प्रश्न प्रत्येक वेळी विचारतात, खोकला आहे का, ताप आहे का, वजन घटतंय का, रात्री घाम येतो का. ते टीबीसाठी. डोकं दुखतं का, झटका आला का, एका बाजूची शक्ती कमी वाटते का हेही विचारलं. घरात मांजर आहे का म्हणून विचारल्यावर आम्ही चक्रावलो. त्यांनी समजावलं की टॉक्सोप्लाझ्मा म्हणून एक परजीवी असतो, मांजराच्या विष्ठेतून नाहीतर कच्च्या-अर्धवट शिजलेल्या मटणातून अंगात येतो, धडधाकट माणसाच्या अंगात तो गप पडून राहतो, आणि सीडी४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, १०० च्या खाली गेला की मेंदूत डोकं वर काढू शकतो. भावाचा सीडी४ आला ६२. हा आकडा वाचून मी घाबरले तेव्हा डॉक्टर म्हणाले, आकडा वर येतो, आधी त्याचे जुलाब कशाचे ते शोधू.

आणि इथंच फरक पडला. त्यांनी जुन्या फाईलमधले तिन्ही शौचाचे रिपोर्ट बघितले, मग रक्ताच्या रिपोर्टवर त्या १४ टक्क्यांखाली पेनानं रेघ ओढली आणि मायक्रोबायोलॉजीची चिठ्ठी लिहिली. त्यावर साध्या तपासणीच्या खाली लिहिलं ‘मॉडिफाईड ॲसिड फास्ट स्टेन’, म्हणजे तोच रंग, आणि कंसात ‘एक दिवसाआड, ३ नमुने’. मी विचारलं तीन कशाला. तर हे परजीवी रोज सारखे पडत नाहीत, एका दिवशी असतात एका दिवशी नसतात, एकाच नमुन्यावर नाही म्हणता येत नाही. पाच महिन्यात हे वाक्य कुणी बोललं असतं तर भावाचं अर्धं वजन वाचलं असतं.

मायक्रोबायोलॉजी विभागाबद्दल लोक कधी लिहीत नाहीत कारण पेशंट तिथं जातच नाही, डबी जाते. मी गेले, कारण वॉर्डबॉय नव्हता. दुसरी बिल्डिंग, पहिला मजला, जुना जिना, फिनेलचा वास. डबी घेणाऱ्या ताईंनी हातमोजे घातलेले, डबीवरचं नाव चिठ्ठीशी जुळवलं आणि मला विचारलं, किती वाजता झालीये. साडेनऊ म्हटलं. बरं, ताजी आहे, म्हणाल्या. लघवी मिसळली नाही ना, पाणी लागलं नाही ना. चेहऱ्यावर किळस नाही, घाई नाही. माझ्या हातात पाच महिने ही डबी होती, प्रत्येक ठिकाणी ती लांबून ठेवायला सांगितलेली, म्हणून ते लक्षात राहिलं.

पहिल्या नमुन्यात काही नाही. दुसऱ्या नमुन्याच्या दिवशी मी डबी देऊन तिथंच बाकावर बसले होते, दोन तास झाले असतील, एक निवासी डॉक्टर बाहेर आली, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, आणि म्हणाली तुम्ही त्यांच्या बहीण का, आत या. खुर्चीवर बसवून तिनं मला मायक्रोस्कोपमध्ये बघायला लावलं. आधी नुसता निळा प्रकाश दिसला, मग तिनं ती गोल चकती जरा फिरवली आणि ते आलं समोर. निळ्यावर एक लालसर गुलाबी, लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं, अगदी काकडीच्या बीसारखं. त्याच्या आत एक गोल ठिपका अजून गडद. बाजूला तसंच अजून एक. ती म्हणाली हा सिस्टोआयसोस्पोरा, आधी याला नुसतं आयसोस्पोरा म्हणायचे, मिलिमीटरचा साधारण तिसावा-चाळिसावा भाग एवढाच असतो, टीबीच्या जंतूला जो लाल रंग देतात तोच याला द्यायचा, फक्त धुवायचं ॲसिड सौम्य ठेवायचं. मी परत परत बघत होते. भावाचं अठरा किलो वजन, भावजयीचं गंठण, आईनं धरलेले सोळा गुरुवार, सगळं त्या काकडीच्या बीनं नेलं होतं आणि ते तिथं काचेवर चिकटून पडलेलं.

मग त्या १४ टक्क्यांचं तिनंच सांगितलं. आतड्यात जुलाब करणारे असे एकपेशी परजीवी बरेच आहेत, पण रक्तात इओसिनोफिल वाढवणारे त्यातले थोडेच, आणि हा त्यातला एक. म्हणून डॉक्टरांनी रेघ ओढली होती.

औषध काय निघालं असेल? को-ट्रायमॉक्साझोल, ज्याला सगळे सेप्ट्रान म्हणतात. घसा दुखला, लघवीला जळजळलं की गावाकडचे डॉक्टर देतात ती गोळी, आणि ती पण फुकट, सेंटरच्या खिडकीतून. डबल डोसवाली गोळी दिवसातून ४ वेळा, १० दिवस, भरपूर पाणी प्यायचं, अंगावर पुरळ आलं किंवा तोंडात फोड आले तर तसंच बंद करून लगेच यायचं, कारण सल्फाची ॲलर्जी काहींना जोरात होते. आधी किडनीची तपासणी केली होती. कृपा करून हे वाचून कुणी आपल्या मनानं ही गोळी सुरू करू नका, प्रत्येकाच्या जुलाबाला हेच कारण नसतं, आणि डोस रक्त बघून ठरतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भावाचा फोन आला. मी भाकरी करत होते. म्हणाला अक्का, आज दोनदाच गेलो. मी तवा तसाच ठेवून खाली बसले. सहाव्या दिवशी त्यानं वरण-भात मागून खाल्ला. दहाव्या दिवशी वजन ४५. एचआयव्हीच्या गोळ्याही त्याच आठवड्यात सुरू झाल्या, टीबी नाही याची खात्री करून. रोज एकच गोळी, त्यात तीन औषधं असतात, टीएलडी म्हणतात. या गोळ्या आपल्या देशात सरकारकडून फुकट मिळायला लागल्या १ एप्रिल २००४ पासून, सुरुवातीच्या राज्यांत आपला महाराष्ट्र होता. २०१७ पासून तर सीडी४ कितीही असो, निदान झालं की औषध सुरू करतात, आधी आकडा खाली जायची वाट बघायचे.

भावजयीचं सांगते, कारण बऱ्याच घरांत हेच होत असेल. तिनं भावाचं ताट-वाटी वेगळी केली होती, लेकराला त्याच्या जवळ झोपू देत नव्हती. एचआयव्हीमुळं नव्हे, ते काउन्सेलर मॅडमनी समजावल्यावर तिला पटलं होतं, पण संडासातला किडा आहे म्हणाल्यावर परत घाबरली. त्या निवासी डॉक्टरीणबाईंना मी फोनवर विचारलं तर म्हणाल्या, हा परजीवी शरीराबाहेर पडतो तेव्हा लगेच लागण करायच्या अवस्थेत नसतो, बाहेर त्याला पिकायला एक-दोन दिवस लागतात, मग तो घाणीतून पाण्यात, भाजीत गेला तर लागतो. म्हणजे शेजारी बसल्यानं, ताटानं काही होत नाही, संडास स्वच्छ ठेवा, हात साबणानं धुवा, पालेभाजी-कोथिंबीर चार पाण्यातून काढा, पाणी उकळा. त्या रात्री पुतण्या बापाजवळ झोपला.

सगळ्यांचं असं सरळ होत नाही हेही बघितलंय. आमच्या रांगेत एक बाई असायच्या, त्यांच्या रिपोर्टमध्ये निघाला क्रिप्टोस्पोरिडियम. तोही याच रंगात दिसतो, पण गोल आणि फार बारीक, आमच्यावाल्याच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढा. त्याला असं रामबाण औषध नाही, प्रतिकारशक्ती इतकी खाली असताना तर नाहीच, नायटाझोक्सानाईड देतात पण खरं औषध म्हणजे एआरटीच, सीडी४ वर आला की शरीरच त्याला काढतं. तोवर ओआरएस, सलाईन, खाणं, आणि धीर. त्यांना बरं व्हायला चार महिने लागले. त्या ओआरएसची बाटली पिशवीत घेऊन यायच्या आणि रांगेत बसल्या बसल्या झाकणानं घोट घोट घ्यायच्या, एकदम प्यायलं की उलटतं म्हणून. आता ठीक आहेत, मागच्या वेळी लेकीच्या लग्नाची पत्रिका देऊन गेल्या.

त्यांच्यामुळं मी पाण्याबद्दल खूप वाचलं. क्रिप्टो क्लोरीनला मरत नाही. आपण टँकरच्या पाण्यात थेंब टाकतो, टीसीएल पावडर टाकतो, त्यानं कॉलरा-बिलरा मरतो, हा नाही. १९९३ ला अमेरिकेत मिलवॉकी नावाच्या शहरात नळाच्या पाण्यातून हा गेला आणि चार लाखांच्या आसपास माणसं आजारी पडली, त्यात जे गेले ते मुख्यतः एड्सचेच रुग्ण होते. नीट शुद्ध केलेलं म्हणून नळाला येणारं पाणी होतं ते. म्हणून आमच्याकडं आता पाणी खळखळून उकळी आल्यावर वर अजून एक मिनिट ठेवतो आणि झाकून गार करतो. भावाचं, लेकराचं, सगळ्यांचंच. गॅस जास्त जातो, जाऊ दे.

आता सेंटरचे दोष, कारण फक्त कौतुक लिहिलं तर पुढच्या माणसाची अडचण होईल. सगळ्यात मोठा म्हणजे संडास. बाहेरच्या पेशंटसाठी एकच, आणि त्याला अकरानंतर पाणी नसतं. जिथं निम्मी माणसं जुलाबानं बेजार होऊन येतात तिथं हे असावं याचा मला आजही राग येतो. पहिल्या महिन्यात आम्ही घरून पाच लिटरचा कॅन न्यायचो. मायक्रोबायोलॉजीला जायला पाटी नाही, नवीन माणूस दोन बिल्डिंग फिरतो, आणि नमुना अकरापर्यंतच घेतात, सव्वाअकराला गेलं की उद्या या. लांबच्या तालुक्याहून पहाटेची एसटी धरून येणारा माणूस अकराला कसा पोचेल याचा विचार व्हायला पाहिजे. बाकडी कमी. एकदा को-ट्रायमॉक्साझोलचा साठा कमी होता, दहा दिवसांच्याच गोळ्या मिळाल्या, बाकीच्या बाहेरून घेतल्या, महाग नव्हत्या पण ज्याच्याकडं एसटीचेच पैसे नाहीत त्यानं काय करायचं. तक्रार वहीत लिहून आले. पाण्याची टाकी मागच्या उन्हाळ्यात बसवलीये, पाटी अजून नाही.

गोळ्यांच्या खिडकीवरचे फार्मासिस्ट दादा मात्र सोन्यासारखा माणूस. रिकामी बाटली घेऊन जायची असते, उरलेल्या गोळ्या ते मोजतात. एकदा भावाची एक गोळी जास्त निघाली तर ओरडले नाहीत, विचारलं कुठला दिवस चुकला. आईनं त्याला अशक्तपणासाठी लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, सकाळी एआरटीच्या गोळीबरोबरच, रिकाम्या पोटी. ते यांनी बोलता बोलता पकडलं. तसं घेतलं की एआरटीतलं एक औषध पोटातच अडकतं, अंगात पुरेसं जात नाही, म्हणून एआरटीची गोळी आधी, मग निदान दोन तास सोडून बाकीच्या. ॲसिडिटीची पातळ औषधं तशीच. त्यांनी ते ग्रीन बुकावर, म्हणजे सेंटरनं दिलेल्या पेशंटच्या वहीवर, लाल पेनानं लिहून दिलं. दुसरी कुठलीही गोळी सुरू करायची तर आधी त्यांना विचारा, ते कंटाळत नाहीत.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा रिपोर्ट, आला, विषाणू सापडला नाही असा. सीडी४ तेव्हा १५१, वर्षाच्या वेळी २६८. रोजची एक को-ट्रायमॉक्साझोल अजून चालू आहे, कारण हा आयसोस्पोरा परत उलटायची सवय असलेला आहे, आणि त्याच एका गोळीनं टॉक्सो आणि न्यूमोनियाचाही एक प्रकार अडतो. सीडी४ ३५० च्या वर जाऊन सहा महिन्यांच्या अंतरानं दोनदा टिकला की मग बंद करतील. मधे भावानं, बरं वाटतंय तर ही कशाला म्हणून ती तीन आठवडे सोडली होती, एआरटी घेत होता, हीच सोडली. चौथ्या आठवड्यात परत पाणी पाणी. परत डबी, परत तोच गुलाबी दाणा. कुणी रागावलं नाही. काउन्सेलर मॅडमनी परत अर्धा तास दिला आणि त्याच्या मोबाईलवर गजर लावून दिला. आता सोडत नाही.

माझ्या हिशोबानं सेंटरला ४ स्टार, एक कापला तो संडास, पाटी आणि साठ्यासाठी. मायक्रोबायोलॉजीला ५. तिथल्या लोकांचा चेहरा कुणी बघत नाही, म्हणून जास्तच ५. त्या प्रायव्हेट लॅबला १, तपासणी साधी केली म्हणून नाही, ती चिठ्ठीवर होती तेवढीच केली, पण भरल्या काउंटरवर जे केलं त्यासाठी.

कुणाच्या घरी महिनाभर जुलाब चालू असतील आणि एचआयव्ही असेल किंवा अजून टेस्टच झालेली नसेल, तर आधी टेस्ट करून घ्या, आयसीटीसीत फुकट होते, १०९७ वर फोन लावला की जवळचं सेंटर सांगतात, त्याला पैसे पडत नाहीत, नाव पण विचारत नाहीत. आणि शौचाची तपासणी करताना स्पष्ट विचारा की ॲसिड फास्ट स्टेन करणार का. लॅबवाला नाही म्हणाला तर तिथं पैसे घालू नका, मेडिकल कॉलेजात जा. डबी रुंद तोंडाची घ्या, आधी लघवी करून या, कागदावर किंवा स्वच्छ भांड्यात धरून मग चमच्यानं डबीत घ्या, कमोडच्या पाण्यातून उचलू नका, आणि तास-दोन तासात पोचवा. घरून निघताना जमत नसेल तर तिथं जाऊन द्या, पण मग पाण्याचा कॅन सोबत न्या. पहिली डबी रिकामी निघाली तर दुसरी द्या, तिसरी द्या. आमचा दुसरीत सापडला होता.

भावाचं वजन परवा ५९ भरलं. तुळशीच्या लग्नापासून सलग कामं आहेत, आणि पुढच्या वेळी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देऊ म्हणालेत.